पवनचक्कीला अनुदान मागण्याआधी

प्रश्न : आमची शिक्षण संस्था पाटण तालुक्यात पठारावर माध्यमिक शाळा आणि ६० मुलांचे वसतिगृह चालवते. पावसाळ्यात लाईट गेली की दोन-दोन दिवस येत नाही. समोरच्या डोंगरावर मोठ्या पवनचक्क्या फिरताना दिसतात, म्हणून आपणही छोटी बसवावी असा कार्यकारिणीत विचार झाला. एका विक्रेत्याने ३ किलोवॅटचे कोटेशन दिले आहे. 'केंद्र सरकार ८० टक्के अनुदान देते, फाइल आम्ही करून देऊ,' असे म्हणून तो फाइलसाठी २५ हजार रुपये आगाऊ मागतो आहे. अनुदान नेमके कुठून मिळते आणि अर्ज कसा करावा?
– सचिव, एक शिक्षण संस्था, जि. सातारा

उत्तर : सचिव महोदय, ते २५ हजार देऊ नका. तो '८० टक्के' आकडा बहुधा अनुदानाचा नाहीच, घसाऱ्याचा (यंत्र झिजते म्हणून कर भरताना नफ्यातून वजा करायच्या रकमेचा) असावा. पवनचक्की घेणाऱ्या कंपनीला आयकरात पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा दाखवता येत असे. १ एप्रिल २०१७ पासून तो ४० टक्के झाला. तुमची संस्था धर्मादाय आणि करमुक्त असेल, तर घसारा ८० असो की ४०, हातात काही पडत नाही. प्रत्येक युनिटमागे ५० पैसे देणारी केंद्राची उत्पादन-प्रोत्साहन योजनाही ३१ मार्च २०१७ नंतरच्या प्रकल्पांना नाही, आणि ती होती तेव्हाही मेगावॅटच्या प्रकल्पांसाठी होती. छोट्या पवनचक्क्या आणि पवन-सौर संकरित संचांसाठी केंद्रीय मंत्रालयाची वेगळी योजना होती. तिच्यात शेवटी किलोवॅटला १ लाख रुपयांपर्यंत मदत मिळे. पण ती बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या (२०१२-१७) काळातली. तिची जुनी परिपत्रके आजही फिरतात आणि विक्रेते तीच दाखवतात. कागदावरची तारीख आधी वाचा.

आज सरकारी पैसा आहे तो मुख्यतः सौरऊर्जेला. पीएम सूर्यघर असो की कुसुम, दोन्ही सौरच्या योजना. पवनऊर्जेची अलीकडची मोठी घोषणा म्हणजे जून २०२४ मध्ये मंजूर झालेले ७,४५३ कोटी. ते गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रातल्या १,००० मेगावॅटसाठी आहेत, पाटणच्या वसतिगृहासाठी नाहीत. 'इरेडा' ही केंद्राची नवीकरणीय ऊर्जेची वित्तसंस्था कर्ज देते, अनुदान नाही. आणि कर्ज म्हटले की सार्वजनिक न्यासाला धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीचा प्रश्न येतो.

म्हणून प्रश्नच थोडा फिरवून घ्या. 'पवनचक्कीला अनुदान हवे' असा प्रस्ताव घेऊन गेलात तर बहुतेक दारे बंद दिसतील. 'पठारावरच्या ६० मुलांना जून ते सप्टेंबर रात्री उजेड हवा, आणि त्याच चार महिन्यांत सौर पॅनेल निम्म्यावर येते' असा घेऊन गेलात, तर पवनचक्की त्यातला एक भाग होते आणि देणाऱ्याला ती कशाला, हे पटते. पैसा गरजेला मिळतो, यंत्राला नाही.

ही गरज आकड्यांत मांडा. उदाहरणार्थ, २० वॅटच्या ४० नळ्या रोज ५ तास म्हणजे ४ युनिट. २८ वॅटचे २० बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे ८ तास म्हणजे साधारण साडेचार. पाच संगणक मिळून सव्वा युनिट. एक अश्वशक्तीचा पंप दीड तास म्हणजे एक युनिटभर. वर किरकोळ एक-सव्वा. एकूण रोज १२ युनिट. जुने ७५ वॅटचे पंखे असतील तर नुसते पंखेच १२ युनिट खातात, तेव्हा आधी पंखे बदला. प्रस्तावातला सगळ्यात स्वस्त खर्च तोच असतो. लोक नेमका तोच विसरतात.

आता वारा. तुमच्या ३ किलोवॅटच्या पवनचक्कीचा पंखा चार मीटर व्यासाचा धरला तर त्याचे क्षेत्र १२.५७ चौरस मीटर. तुमचे पठार समुद्रसपाटीपासून हजार-अकराशे मीटरवर असेल तर तिथे हवेची घनता घनमीटरला १.०५ किलोच्या आसपास भरते. माहितीपत्रकातला आलेख समुद्रसपाटीच्या १.२२५ वर काढलेला असतो. इथेच १४ टक्के गेले. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने वाढते. सेकंदाला ५ मीटर वेगाला त्या पंख्यासमोरून ८२५ वॅट जातात, १० मीटरला ६,६००. म्हणजे वेग दुप्पट, शक्ती आठपट. यातले कोणत्याही यंत्राला ५९.३ टक्क्यांच्या वर घेता येत नाही आणि छोटा संच बॅटरी-इन्व्हर्टरपर्यंत पोचताना २० टक्के देतो असे धरावे. विक्रेता ३५ सांगेल.

वारा एकसारखा वाहत नसल्याने नुसत्या सरासरी वेगाचा घन करून भागत नाही. नेहमीच्या चढउतारात शक्तीची सरासरी त्याच्या १.९ पट येते. तेवढे धरून वार्षिक सरासरी ५ मीटर असेल तर वर्षाला २,७०० युनिट, ४ मीटर असेल तर १,४०० युनिट. एका मीटरच्या फरकाने उत्पन्न निम्मे. महाराष्ट्रात ३ किलोवॅटचे सौर पॅनेल वर्षाला साधारण ४,२०० युनिट देते आणि त्याचा खर्च पवनचक्कीच्या कितीतरी कमी. वर्षभराच्या युनिटांवर स्पर्धा लावली तर पवनचक्की हरते. हे तुमच्या प्रस्तावात तुम्हीच लिहा, नाहीतर पैसे देणाऱ्या कंपनीचा अभियंता पहिल्या बैठकीत विचारेल.

तुमची बाजू महिन्यांच्या तक्त्यात आहे. समजा मोजणीत पावसाळ्याची सरासरी ८ मीटर निघाली. तर हाच संच सावध हिशेबानेही दिवसाला १८ ते २० युनिट देतो आणि तेव्हा ढगाखालचे ३ किलोवॅट सौर चार-पाच युनिटांवर आलेले असते. नोव्हेंबरात वारा ३ मीटरवर पडला की पवनचक्की दिवसाला दीड युनिटसुद्धा धड देत नाही. तेव्हा सौर पूर्ण भरात असते. बारा महिन्यांच्या बारा ओळी, तीन रकाने : सौर, पवन, गरज. प्रस्तावातले हे एक पान बाकीच्या तीस पानांच्या वरचढ ठरते.

यासाठी वारा मोजलेला पाहिजे. समोरच्या डोंगरावर पवनचक्क्या आहेत हा पुरावा नव्हे. त्या कड्यावर, पन्नास-साठ मीटर उंचीवर आहेत आणि तुमचे वसतिगृह कदाचित आडोशाला. बांधाची झाडे एका बाजूला कललेली असतील तर वारा आहे एवढे कळते, किती ते कळत नाही. 'ग्लोबल विंड अ‍ॅटलस' संकेतस्थळावर फुकट अंदाज मिळतो, तो जागा निवडायला वापरा. पण २५० मीटरच्या चौकटीतली ती सरासरी आहे; शाळेमागचा सुरूचा पट्टा तिला दिसत नाही. दहा मीटरच्या खांबावर वेगमापक आणि नोंदयंत्र बसवून दर १० मिनिटांची सरासरी नोंदवा. वर्षभर उत्तम, निदान जून ते सप्टेंबर आणि हिवाळ्याचा एक महिना तरी. मापक शाळेच्या पत्र्यावर ठोकू नका. छपराला धडकून उसळलेला वारा मोजला जातो आणि आकडा फसवतो. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून हे काम द्या. मुलांना प्रकल्प मिळतो, तुम्हाला प्राध्यापकाच्या सहीचा अहवाल.

पैसा कुठून, तर तुमच्या बाबतीत पहिले दार कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचे, ज्याला सगळे सीएसआर म्हणतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटींवर आहे, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्चावे लागतात आणि आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यायचे असते. तुमच्या पठारावरच्या पवनचक्क्यांचे मालक कोण? बऱ्याच चक्क्या बनवणाऱ्या कंपनीच्या नसतात. घसाऱ्याच्या फायद्यासाठी पुण्या-मुंबईच्या भलत्याच उद्योगांनी घेतलेल्या असतात. ही यादी शोधायला मुंबईला जायला नको. ग्रामपंचायत पवनचक्क्यांवर कर आकारते, म्हणजे नमुना ८ च्या कर आकारणी नोंदवहीत मालकांची नावे असतात. ग्रामसेवकाकडून उतारा घ्या. मग राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर एकेक नाव टाकून पाहा : कोणती कंपनी किती खर्च करते, कशावर, कोणत्या जिल्ह्यात. शिक्षण, ग्रामविकास, पर्यावरण या तिन्ही शीर्षांत तुमचा प्रकल्प बसतो. ज्या कंपनीचा कल शिक्षणाकडे आहे तिला तो मुलांच्या अभ्यासाच्या तासांतून मांडा.

वेळ सांभाळा. कंपनीची सीएसआर समिती वार्षिक आराखडा साधारण नव्या आर्थिक वर्षाच्या तोंडावर ठरवते. तुमचे पत्र जानेवारी-फेब्रुवारीत टेबलावर असावे. मार्चमध्ये 'पैसे उरलेत, लगेच बिल द्या' असा फोन येतो, तेव्हा कागद तयार असलेल्या संस्थेचे काम होते.

कागदांवरच बहुतेक प्रस्ताव अडकतात, तेव्हा इथे जरा थांबू. संस्थेला आयकराची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी हवी. २०२१ पासून या नोंदण्या कायमच्या राहिलेल्या नाहीत, मुदत संपली आहे का ते आजच पाहा. कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ अर्ज भरून क्रमांक घ्या. १ एप्रिल २०२१ पासून त्याशिवाय कंपनी पैसे देऊच शकत नाही. अशा प्रकारच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभवही दाखवावा लागतो. वसतिगृहाचे ताळेबंद त्यासाठी चालतात. नीती आयोगाच्या 'दर्पण' पोर्टलवरचा क्रमांकही काढून ठेवा. एवढे सगळे होऊनही जिथे ठेच लागते ती जागा म्हणजे धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट १ चा, म्हणजे न्यासाच्या नोंदणीचा, उतारा. त्यावर, समजा, २०११ सालचे विश्वस्त, त्यातले दोघे हयात नाहीत, आणि प्रस्तावावर सही आताच्या अध्यक्षांची. कंपनीचा विधी विभाग तिथेच फाइल बाजूला ठेवतो. विश्वस्त बदलल्याचा अहवाल, म्हणजे चेंज रिपोर्ट, खरे तर बदलानंतर ९० दिवसांत दाखल करायचा असतो. प्रलंबित असेल तर दाखल केल्याची पोच आणि वकिलाचे पत्र जोडा, पण आज कामाला लागा.

आणखी एक नियम नीट समजून घ्या. सीएसआरच्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता कंपनी स्वतःच्या नावावर ठेवू शकत नाही. ती नोंदणीकृत न्यास, संस्था, लाभार्थ्यांचा गट किंवा सार्वजनिक प्राधिकरण यांच्या नावावर हवी. म्हणजे मनोरा, पंखा, बॅटरी सगळे तुमच्या ताळेबंदात येणार. मग जमीन कोणाची? सातबारा संस्थेच्या नावावर नसून संस्थापकांच्या कुटुंबाच्या नावावर असेल, तर कंपनी दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत भाडेपट्टा मागेल. जागा कोयना अभयारण्य, व्याघ्र प्रकल्पाचे बफर किंवा पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात येते का, हे वन विभागाकडून लेखी घ्या.

दुसरे दार जिल्हा नियोजन समितीचे. जिल्हा वार्षिक योजनेत अपारंपरिक ऊर्जेची कामे घेता येतात आणि ती 'महाऊर्जा' या राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेमार्फत होतात. महाऊर्जाच्या विभागीय कार्यालयात जाऊन एकच प्रश्न विचारा : चालू वर्षात संकरित संचाला शीर्ष आणि तरतूद आहे का? नसेल तर सौरचा भाग तिथून आणि पवनचा कंपनीकडून, अशी विभागणी होते. आमदार-खासदार निधीतून खासगी संस्थेला देताना अटी जास्त, म्हणून तो ग्रामपंचायतीच्या नावे सौर पथदिव्यांसारख्या कामाला बरा. सरकारी अनुदान मिळालेच तर वेगळे बँक खाते उघडा. केंद्राच्या पैशावर मिळालेले व्याजसुद्धा परत करायचे असते आणि उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही.

अमेरिकेतल्या माजी विद्यार्थ्यांचा विषय निघेलच, तेव्हा आधीच सांगतो. परदेशी संस्थेचा पैसा, मग ती मराठी माणसांचीच असो, एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. नोंदणीला तीन वर्षांचे काम आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च लागतो, आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. पण जो माजी विद्यार्थी अजून भारतीय नागरिक आहे, त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परदेशी योगदान धरली जात नाही. त्याच्या भारतीय पासपोर्टची प्रत फाइलला लावा. ज्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले त्याचा पैसा मात्र परदेशी, कार्ड ओसीआयचे (परदेशस्थ भारतीयाचे) असले तरी. दोघे एकाच बॅचचे असतात, एकाच गटात पैसे गोळा करतात आणि घोळ तिथे होतो.

अंदाजपत्रकात ३ किलोवॅट पवन, ३ किलोवॅट सौर आणि ४८ व्होल्ट ३०० अँपिअर-तासांची बॅटरी धरा. ही बॅटरी कागदावर १४.४ युनिटांची. शिसे-आम्लाची असेल तर निम्मीच वापरावी, लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर ८० टक्के, म्हणजे साडेअकरा. तुमची रात्र निघते ती दुसऱ्या प्रकारात. कोटेशन तीन घ्या आणि यंत्र, मनोरा, पाया, वाहतूक, कर असे फोडून मागा. नवीकरणीय ऊर्जेच्या उपकरणांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आहे. जुना दर लावलेले कोटेशन परत पाठवा. यंत्राला आयईसी ६१४००-२ या छोट्या पवनचक्क्यांच्या मानकाचे प्रमाणपत्र आहे का, आणि चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या यादीत ते मॉडेल आहे का, हे विचारा. मॉडेल, नुसती कंपनी नव्हे.

मनोरा १८ मीटरचा, आणि दीडशे मीटरच्या आतल्या सर्वांत उंच झाड-इमारतीपेक्षा पंख्याची खालची कड ९ मीटर वर. मनोरा जमिनीवर आडवा करता येणारा, ताणतारांचा घ्या. पाती-बेअरिंग पाहायला दरवेळी क्रेन बोलवायची तर ती घाट चढून पावसाळ्यात येणार नाही. छपरावर बसवायचा सल्ला कोणी दिला तर नको म्हणा. कंपने भिंतीत उतरतात आणि मुले झोपत नाहीत.

पठारावर दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, अर्थिंग. जांभ्याच्या कातळात नेहमीचा एक खड्डा पुरत नाही. उन्हाळ्यात कातळ कोरडा पडला की रोध खूप वाढतो आणि वळवाच्या पहिल्या विजेला नियंत्रक जळतो. मनोरा आणि तारांचे खुंट यांना वेगवेगळे इलेक्ट्रोड देऊन ते तांब्याच्या किंवा जस्त चढवलेल्या लोखंडी पट्टीने जोडा आणि रोधाची मोजणी एप्रिल-मेमध्ये करा, ऑगस्टमध्ये नव्हे. दुसरे, जादा विजेचा भार. बॅटरी भरल्यावर वीज जिरवायला दिलेला हीटर जळाला की पंखा मोकळा सुटतो आणि वेगाने पाती फुटतात. हा हीटर पाणी तापवायला जोडा, म्हणजे तो चालतो की नाही हे मुलांना आंघोळीलाच कळते. सुट्या भागांत तीन पात्यांचा वजन जुळवलेला संच (एकच पाते बदलता येत नाही), बेअरिंग, स्लिप रिंगचे ब्रश आणि नियंत्रकाचे कार्ड हे पहिल्या बिलातच घ्या.

देखभालीचे पैसे देणगीदार सहसा देत नाही. म्हणून पाच वर्षांचा देखभाल करार खरेदीच्या किमतीतच मागा, आणि त्यानंतर भांडवली खर्चाच्या २-३ टक्के दरवर्षी संस्थेने बाजूला ठेवण्याचा ठराव इतिवृत्तात घेऊन त्याची प्रत प्रस्तावाला जोडा. विक्रेत्याचे शेवटचे १० टक्के पहिला पावसाळा पार पडल्यावर द्यायचे, हे करारात लिहा. एखाद्याने रकमेतले काही रोखीने परत द्या, मंजुरी मिळवून देतो, असे सुचवले तर संभाषण तिथेच थांबवा; नोंदणी तुमची जाईल, त्याचे काही जाणार नाही.

ग्रिडला जोडायचे असेल तर महावितरणकडे अर्ज आधी करा. राज्य वीज नियामक आयोगाचे २०१९ चे विनियम फक्त सौरपुरते नाहीत, नवीकरणीय ऊर्जेचे आहेत. उपविभागात 'पवनचा फॉर्मच नाही' असे उत्तर मिळाले तर विनियमांची प्रत पुढे ठेवा. पण लाईट गेल्यावर साधा ग्रिड-जोडणीचा इन्व्हर्टर बंद होतो, आणि तुमची तक्रार मुळात लाईट जाण्याचीच आहे. कोटेशनमध्ये 'हायब्रिड' (लाईट गेल्यावरही बॅटरीवर चालणारा) शब्द आहे का, ते बघा.

पहिले काम मोजणीचा खांब, आणि तो मे अखेरपर्यंत उभा राहायला हवा. जूनच्या पहिल्या आठवड्यात वारा सुरू झाला की पठारावर खांब उभा करता येत नाही आणि वर्ष वाया जाते. चेंज रिपोर्टचे काम त्याच्या बरोबरीने चालू द्या.